रुग्णालयजन्य संक्रामण-प्रतिबंध

रुग्णालयजन्य संक्रामण-प्रतिबंध : रुग्णालयात दाखल होतेवेळी रुग्णाच्या शरीरात नसलेले व तेथील वास्तव्यात किंवा उपचारांतून जडलेले जे संक्रामण (रोगजंतूंचा शरीरात शिरकाव होऊन झालेली बाधा), त्यास रुग्णालयजन्य संक्रामण म्हणतात. शस्त्रक्रियेच्या जखमेत पू होणे, मूत्रमार्गात बसविलेल्या नळीमुळे मूत्रमार्गशोथ होणे, शिरेतील नळीवाटे रक्तात जंतू शिरणे व कृत्रिम श्वसनयंत्रावरील रुग्णास फुप्फुसशोथ होणे, हे त्याचे चार प्रमुख प्रकार होत. ते टाळण्यासाठी योजण्यात येणाऱ्या उपायांत हात धुणे, उपकरणांचे निर्जंतुकीकरण, हातमोजे व मुखपट्टी यांचा वापर, सांसर्गिक रुग्णांचे विलगीकरण, कचऱ्याची सुरक्षित विल्हेवाट आणि संक्रामणांची नियमित नोंद यांचा समावेश होतो. यांतील बहुतेक उपाय साधे आहेत व काही तर रोगजंतूंचा शोध लागण्यापूर्वीच माहीत झालेले होते. तथापि ते रूढ होण्यास फार मोठा काळ लागला. बरे करणाऱ्याचाच हात रोग पोहोचवू शकतो, हे वैद्यकीय व्यवसायास मान्य करावे लागणे, हे या विलंबाचे एक मोठे कारण होते. ही मान्यता टप्प्याटप्प्याने मिळाली, ती मुख्यतः रुग्ण व मृत्यू यांची काटेकोर मोजदाद झाल्यामुळे.

पूर्वपीठिका : अठराव्या शतकात यूरोपातील रुग्णालये प्रामुख्याने गरिबांसाठी असत, सधन लोक घरीच उपचार घेत. पॅरिसमधील ओतेल द्यू या जुन्या रुग्णालयाची पाहणी करून झाक तनाँ या फ्रेंच शस्त्रक्रियाविशारदांनी १७८८ मध्ये एक वृत्तांत प्रसिद्ध केला. एकाच खाटेवर अनेक रुग्ण दाटीवाटीने निजत आणि दाखल होणाऱ्या दर साडेचार रुग्णांमागे एक मरण पावे, असे त्यांत नमूद आहे. तत्पूर्वी १७५२ मध्ये जॉन प्रिंगल (१७०७–८२) या ब्रिटिश लष्करी वैद्यांनी सैन्यातील रोगांवरील आपल्या ग्रंथात रुग्णालयांतील गर्दी व कोंदट हवा यांचा तापाच्या साथींशी संबंध जोडला होता. त्या काळी सडणाऱ्या पदार्थांतून निघणारी दूषित हवा हेच रोगाचे कारण समजले जाई. त्यामुळे खिडक्या उघडणे, भिंतींना चुना देणे व धुरी देणे हे उपाय केले जात. वैद्याच्या हातांकडे किंवा अंगावरील वस्त्रांकडे कोणाचेही लक्ष गेलेले नव्हते.

सूतिका ज्वर : प्रसूतीनंतर काही दिवसांतच येणाऱ्या व बहुधा प्राणघातक ठरणाऱ्या या तापाच्या अभ्यासातून संक्रामण-प्रतिबंधाचा इतिहास खऱ्या अर्थाने सुरू होतो. स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथे १७८९–९२ या काळात या तापाची साथ आली. तेथील वैद्य अलेक्झांडर गॉर्डन (१७५२–९९) यांनी ७७ रुग्णांची सारणी तयार केली व प्रत्येकीची प्रसूती कोणी केली होती, याचीही नोंद ठेवली. ज्या सुईणीने किंवा वैद्याने आधी या तापाच्या रुग्णावर उपचार केले होते, त्यांनी हाताळलेल्या स्त्रियांनाच ताप येतो, असे या सारणीवरून उघड झाले. रोग पोहोचविणाऱ्यांत आपणही होतो, हे गॉर्डन यांनी १७९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रबंधात स्पष्टपणे नमूद केले. कपडे जाळावेत किंवा त्यांना धुरी द्यावी व परिचर्या करणाऱ्यांनी स्वतः स्वच्छ व्हावे, असे त्यांनी सुचविले. सुईणींची नावे जाहीर केल्यामुळे शहरात त्यांच्याविरुद्ध रोष निर्माण झाला व त्यांना ॲबर्डीन सोडावे लागले. अमेरिकेत बॉस्टन येथे ऑलिव्हर वेंडेल होम्स (१८०९–९४) यांनी १८४३ मध्ये हाच निष्कर्ष मांडला. या तापाच्या रुग्णांवर उपचार करणाऱ्या वैद्याने काही काळ प्रसूतीची कामे बंद ठेवावीत, अशी त्यांची सूचना होती. फिलाडेल्फियातील मान्यवर प्रसूतितज्ञांनी ती तुच्छतेने फेटाळली.

व्हिएन्नातील प्रयोग : व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात प्रसूतीचे दोन विभाग होते. १८४० च्या सुमारास पहिला विभाग वैद्यकाच्या विद्यार्थ्यांसाठी व दुसरा सुईणींच्या शिक्षणासाठी राखून ठेवण्यात आला. १८४१–४६ या सहा वर्षांत पहिल्या विभागात सु. १० टक्के बाळंतिणी मरण पावल्या, तर दुसऱ्या विभागात हे प्रमाण ४ टक्क्यांहून कमी होते. दोन्ही विभागांची इमारत, अन्न व हवामान सारखेच होते. दुसऱ्या विभागात गर्दी उलट अधिक असे. प्रवेश ठराविक दिवसांच्या पाळीने दिला जाई व शहरातील गरीब स्त्रियांना हा फरक पुरता ठाऊक होता. पहिल्या विभागाची पाळी असलेल्या दिवशी आलेल्या स्त्रिया दुसऱ्या विभागात घेण्यासाठी गुडघे टेकून विनवण्या करीत. रुग्णालयाच्या वाटेवरच बाळंत झालेल्या स्त्रियांनाही हा ताप क्वचितच येई.

या विभागात १८४६ पासून साहाय्यक म्हणून काम करणारे हंगेरियन वैद्य इग्नाझ फिलिप झेमेलव्हाइस (१८१८–६५) यांनी गर्दी, हवा, आहार, निजण्याची पद्धत इ. संभाव्य कारणे एकेक करून तपासली व बाजूला सारली. मार्च १८४७ मध्ये त्यांचे स्नेही व न्यायवैद्यकाचे प्राध्यापक याकोप कोलेच्का यांचा मृत्यू झाला. शवविच्छेदनाच्या वेळी एका विद्यार्थ्याच्या सुरीने त्यांच्या बोटास जखम झाली होती. त्यांच्या शवात आढळलेल्या विकृती सूतिका ज्वराने मेलेल्या स्त्रियांतील विकृतींसारख्याच होत्या. यावरून झेमेलव्हाइस यांनी असे अनुमान काढले की, सकाळी शवविच्छेदन करून थेट प्रसूतिकक्षात येणारे वैद्य व विद्यार्थी आपल्या हातांवरून शवातील विघटित द्रव्य प्रसूत होणाऱ्या स्त्रीच्या शरीरात पोहोचवितात. सुईणी शवविच्छेदन करीत नसल्याने दुसऱ्या विभागात मृत्यू कमी होते. साबणाने हात धुऊनही शवाचा वास जात नसे. म्हणून मे १८४७ च्या मध्यापासून क्लोरीनयुक्त द्रावणाने, पुढे स्वस्त अशा विरंजक चूर्णाच्या द्रावणाने, हात धुणे त्यांनी सक्तीचे केले. त्या वर्षी एप्रिलमध्ये १८ टक्क्यांवर असलेले मृत्यूचे प्रमाण जूनमध्ये २ टक्क्यांच्या आसपास आले. १८४८ मध्ये पहिल्या विभागात ते १·२७ टक्के व दुसऱ्या विभागात १·३३ टक्के होते.

ऑक्टोबर १८४७ मधील एका घटनेने या अनुमानात भर पडली. गर्भाशयाचा कर्करोग होऊन त्यातून स्राव वाहत असलेल्या एका स्त्रीला तपासल्यानंतर वैद्यांनी केवळ साबणाने हात धुतले व पुढील स्त्रियांना तपासले. त्या १२ जणींपैकी ११ दगावल्या. जिवंत रुग्णाच्या स्रावातूनही विकार पोहोचतो, हे यातून लक्षात आल्यावर प्रत्येक रुग्णाच्या तपासणीनंतर क्लोरीनच्या द्रावणाने हात धुण्याचा नियम करण्यात आला. आधुनिक हस्तस्वच्छतेचे मूळ तत्त्व हेच आहे.

या निष्कर्षांना वैद्यकविश्वात अपेक्षित मान्यता मिळाली नाही. रोगाला एकच आवश्यक कारण असते, ही कल्पना त्या काळच्या विचारसरणीत बसत नव्हती. झेमेलव्हाइस यांनी स्वतः अनेक वर्षे काहीही प्रसिद्ध केले नाही व १८६१ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा ग्रंथ विस्कळीत व वादप्रचुर होता. शिवाय हा सिद्धांत स्वीकारणे म्हणजे पूर्वी झालेल्या मृत्यूंची जबाबदारी पतकरणे होय. कील येथील प्रसूतितज्ञ गुस्टाफ मिखाएलिस यांनी तो स्वीकारला व क्लोरीनने हात धुणे सुरू केले; परंतु आपल्या हातून झालेल्या मृत्यूंच्या जाणिवेने खचून त्यांनी १८४८ मध्ये आत्महत्या केली. झेमेलव्हाइस यांनी पुढे पेस्ट येथील सेंट रोखस रुग्णालयात हीच पद्धत वापरून मृत्यूचे प्रमाण १ टक्क्याखाली ठेवले. १३ ऑगस्ट १८६५ रोजी व्हिएन्नाजवळील मनोरुग्णालयात जखमेतील संक्रामणानेच त्यांचा अंत झाला.

रुग्णालयरचना व आकडेवारी : क्रिमियन युद्धात स्कुतारी येथील ब्रिटिश लष्करी रुग्णालयात जखमांपेक्षा साथीच्या रोगांनीच अधिक सैनिक मेले. मार्च १८५५ मध्ये आलेल्या आरोग्य आयोगाने गटारे साफ करून व हवा खेळती ठेवण्याची सोय करून दिल्यावर मृत्यू झपाट्याने कमी झाले. त्या रुग्णालयातील परिचारिकांच्या प्रमुख फ्लॉरेन्स नाइटिंगेल (१८२०–१९१०) यांनी युद्धानंतर हे आकडे आकृत्यांच्या रूपाने शासनापुढे मांडले. रुग्णालयाने निदान रुग्णाला अपाय तरी करू नये, या तत्त्वावर त्यांनी १८५९ मध्ये रुग्णालयांविषयीचा ग्रंथ लिहिला. त्याच्या प्रभावाने सुट्या, हवेशीर व खाटांमध्ये पुरेसे अंतर असलेल्या कक्षांची रचना अनेक देशांत रूढ झाली. संसर्गाची कल्पना त्यांना दीर्घकाळ मान्य नव्हती. तथापि सर्व रुग्णालयांनी एकाच पद्धतीने आकडेवारी ठेवावी, हा त्यांचा आग्रह पुढे संक्रामण-नियंत्रणाचा पाया ठरला. [→ रुग्णपरिचर्या].

एडिंबरो येथील जेम्स यंग सिंप्सन (१८११–७०) यांनी १८६९ मध्ये अवयवच्छेदनाच्या शस्त्रक्रियांची तुलना प्रसिद्ध केली. ग्रामीण भागात खाजगी रीत्या केलेल्या २,०९८ शस्त्रक्रियांनंतर २२६ रुग्ण मरण पावले होते. मोठ्या रुग्णालयांत केलेल्या २,०८९ शस्त्रक्रियांनंतर ८५५ मरण पावले. म्हणजे हे प्रमाण अनुक्रमे सु. ११ टक्के व ४१ टक्के होते. खेड्यातील झोपडीपेक्षा शहरातील रुग्णालय अधिक धोक्याचे आहे, असा याचा अर्थ होता. मोठी रुग्णालये मोडून लहान कुटीरे उभारावीत, असे सिंप्सन यांनी सुचविले.

पूतिरोध : हा प्रश्न इमारती न मोडताही सुटू शकतो, हे ग्लासगो येथील शस्त्रक्रियाविशारद जोसेफ लिस्टर (१८२७–१९१२) यांनी दाखवून दिले. किण्वन व कुजणे या क्रिया सूक्ष्मजीवांमुळे होतात, हे ल्वी पाश्चर (१८२२–९५) यांचे संशोधन त्यांच्या वाचनात आले होते. जखमेतील पूही याच कारणाने होत असावा, असे मानून ऑगस्ट १८६५ मध्ये त्यांनी पायाचे हाड मोडून जखम झालेल्या एका मुलावर कार्बॉलिक अम्लात भिजविलेल्या पट्ट्या वापरल्या. जखम पू न होता भरून आली. १८६७ मध्ये त्यांनी आपले अनुभव प्रसिद्ध केले. त्यांच्या कक्षात १८६४ व १८६६ या दोन वर्षांत अवयवच्छेदन केलेल्या ३५ रुग्णांपैकी १६ मरण पावले होते. नव्या पद्धतीनंतर १८६७–६९ मध्ये ४० पैकी केवळ ६ मरण पावले. हवेतील जंतू मारण्यासाठी १८७१ मध्ये त्यांनी कार्बॉलिक अम्लाचा फवाराही सुरू केला. पण मुख्य धोका हात व उपकरणे यांपासून आहे, हे लक्षात आल्यावर १८९० मध्ये त्यांनी तो जाहीरपणे निरुपयोगी ठरविला. दरम्यान १८७९ मध्ये पाश्चर यांनी पॅरिसच्या वैद्यक अकादमीत सूतिका ज्वरास कारणीभूत होणाऱ्या मालागोलाणूंची आकृती फळ्यावर काढून दाखविली. झेमेलव्हाइस यांनी ज्याला विघटित द्रव्य म्हटले होते, त्याची अशा रीतीने ओळख पटली.

निर्जंतुक तंत्र : जखमेत शिरलेले जंतू मारण्यापेक्षा ते जखमेपर्यंत पोहोचूच न देणे श्रेयस्कर, हा विचार १८८० नंतर जर्मनीत पुढे आला. रॉबर्ट कॉख (१८४३–१९१०) व त्यांच्या सहकाऱ्यांनी वाफेची जंतुनाशक शक्ती सिद्ध केली. बर्लिन येथे अर्न्स्ट फोन बेर्गमान व त्यांचे साहाय्यक कुर्ट शिमेलबुश यांनी पट्ट्या व वस्त्रे वाफेने निर्जंतुक करण्याची पद्धत बसविली. अमेरिकेत बॉल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात विल्यम हॉल्स्टेड (१८५२–१९२२) यांनी १८८९-९० च्या सुमारास पातळ रबरी हातमोजे वापरात आणले. त्यांचा मूळ उद्देश जंतुनाशक द्रावणाने शस्त्रक्रियागृहातील परिचारिकेच्या हातांची होणारी आग टाळणे, एवढाच होता. रुग्णाला त्यांचा होणारा लाभ नंतर ध्यानात आला. १८९७ मध्ये ब्रेस्लौ येथे यान मिकुलिच यांनी मुखपट्टीचा वापर सुरू केला.

निर्जंतुक तंत्रातील लहानशी चूकही किती महाग पडते, हे मुंबईशी संबंधित एका प्रकरणातून दिसून आले. परळ येथील प्लेग संशोधन प्रयोगशाळेत (पुढे हाफकिन संस्था) व्हाल्डेमार हाफकिन (१८६०–१९३०) यांच्या देखरेखीखाली प्लेगची लस तयार होत असे. ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल (सध्या पाकिस्तानात) या खेड्यात ती टोचलेल्यांपैकी १९ जण धनुर्वाताने मरण पावले. हे सर्वजण एकाच बाटलीतील लस दिलेले होते. चौकशीअंती दोष प्रयोगशाळेवर ठेवण्यात आला व हाफकिन यांना पदावरून दूर करण्यात आले. तथापि बाटली उघडणाऱ्या साहाय्यकाच्या हातातील चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट निर्जंतुक न करताच बुचाला लावण्यात आला, ही बाब नंतर पुढे आली. रॉनल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांनी आवाज उठविल्यावर १९०७ मध्ये हाफकिन दोषमुक्त ठरले.

प्रतिजैव पदार्थांचा काळ : प्रसूतिगृहांतील मृत्यू विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकापर्यंत पूर्णतः आटोक्यात आले नव्हते. लंडन येथील क्वीन शार्लट रुग्णालयात लेनर्ड कोलब्रुक (१८८३–१९६७) यांनी हातमोजे, मुखपट्टी व जंतुनाशके यांची शिस्त लावली आणि १९३६ मध्ये प्राँटोसील या सल्फा औषधाने सूतिका ज्वरातील मृत्यू मोठ्या प्रमाणात कमी होतात, हे दाखवून दिले. त्यानंतर पेनिसिलीन आले व संक्रामणाचा प्रश्न कायमचा सुटला, असा समज पसरला. तो फार काळ टिकला नाही. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात मेरी बार्बर यांना आढळून आले की, १९४८ पर्यंत तेथील निम्म्याहून अधिक पुंजगोलाणू पेनिसिलिनाला दाद देईनासे झाले होते. १९५० नंतरच्या दशकात अशा पुंजगोलाणूंच्या साथी अनेक देशांतील नवजात अर्भकांच्या कक्षांत पसरल्या. त्यांवरील उपाय म्हणून मेथिसिलीन हे औषध आले. परंतु १९६१ मध्येच त्यालाही न जुमानणारे पुंजगोलाणू इंग्लंडमध्ये आढळले. औषधाच्या भरवशावर स्वच्छतेत ढिलाई करता येत नाही, हा या काळाचा धडा होय. [→ प्रतिजैव पदार्थ].

संघटित यंत्रणा : या साथींमुळे संक्रामण-नियंत्रण हे रुग्णालयातील स्वतंत्र काम म्हणून ओळखले जाऊ लागले. १९५९ मध्ये इंग्लंडमधील टॉर्की येथे केवळ या कामासाठी पहिली परिचारिका नेमण्यात आली. कक्षांत फिरून संक्रामणे हुडकणे, त्यांची नोंद ठेवणे व दोष दाखवून देणे, हे तिचे काम होते. अमेरिकेतील रोगनियंत्रण केंद्राने १९७४ पासून केलेल्या विस्तृत पाहणीचे निष्कर्ष १९८५ मध्ये प्रसिद्ध झाले. दर २५० खाटांमागे एक प्रशिक्षित परिचारिका, जबाबदार वैद्य, नियमित सर्वेक्षण व शस्त्रक्रियाविशारदांना त्यांच्या रुग्णांतील संक्रामणाचे प्रमाण कळविण्याची पद्धत असलेल्या रुग्णालयांत संक्रामणे सु. ३२ टक्क्यांनी घटली. अशी यंत्रणा नसलेल्या रुग्णालयांत ती वाढत गेली.

एड्‌स या रोगाची १९८१ मध्ये ओळख पटल्यावर रक्तावाटे पसरणाऱ्या व्हायरसांची धास्ती निर्माण झाली. कोणता रुग्ण बाधित आहे हे पाहून ओळखता येत नसल्याने प्रत्येकाचे रक्त संक्रामक मानूनच काम करावे, हे सार्वत्रिक दक्षतेचे तत्त्व १९८५–८७ या काळात मांडले गेले. १९९६ मध्ये ते सर्व शरीरस्रावांना लागू करून त्यास प्रमाण दक्षता असे नाव देण्यात आले. या तत्त्वाने रुग्णाबरोबरच परिचर्या करणाऱ्यांचेही संरक्षण होते. २००३ मधील सार्स व २०२० पासूनची कोविड-१९ या साथींत वैद्य व परिचारिकाही मोठ्या संख्येने बाधित झाल्याने ही बाजू विशेष स्पष्ट झाली.

हस्तस्वच्छता : हात धुण्याचे महत्त्व सर्वमान्य झाल्यावरही ते प्रत्यक्षात कमीच होत असे. अतिदक्षता विभागातील परिचारिकेला तासाभरात अनेकदा हात धुवावे लागतात व प्रत्येक वेळी पाण्याच्या नळापर्यंत जाणे तिला शक्य नसते. जिनीव्हा विद्यापीठाच्या रुग्णालयांत दिद्ये पित्ते व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्येक खाटेजवळ अल्कोहॉलयुक्त द्रावण ठेवले व कर्मचाऱ्यांच्या पाळणुकीची नोंद ठेवून ती त्यांनाच दाखविली. १९९४–९७ या काळात नियम पाळण्याचे प्रमाण ४८ टक्क्यांवरून ६६ टक्क्यांवर गेले आणि रुग्णालयजन्य संक्रामणाचे प्रमाण १६·९ टक्क्यांवरून १९९८ पर्यंत ९·९ टक्क्यांवर आले. या अनुभवाच्या आधारे जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये जगभर मोहीम सुरू केली व २००९ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी, निर्जंतुक कृती करण्यापूर्वी, शरीरस्रावाशी संपर्क आल्यावर, रुग्णाला स्पर्श केल्यानंतर व त्याच्या भोवतालच्या वस्तूंना स्पर्श केल्यानंतर, अशा पाच प्रसंगी हात स्वच्छ करणे त्यांत आवश्यक मानले आहे. अमेरिकेतील मिशिगन राज्यातील शंभरावर अतिदक्षता विभागांत शिरेत नळी बसविताना पाच साध्या कृतींची सूची पाळल्याने रक्तातील संक्रामणे सु. ६६ टक्क्यांनी घटली, असे २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. सूचीतील पहिली कृती हात धुणे ही होती.

भारतातील स्थिती : भारतात रुग्णालयीन कचऱ्याच्या विल्हेवाटीचे नियम १९९८ मध्ये करण्यात आले. वापरलेल्या सुया व सिरिंजा कचऱ्यातून गोळा करून पुन्हा वापरल्या जाण्याचा धोका तरीही पूर्णतः टळला नाही. गुजरातमधील साबरकांठा जिल्ह्यात २००९ मध्ये यकृतशोथ-ब या रोगाची प्राणघातक साथ अशाच पुनर्वापरामुळे उद्भवली. २०१६ च्या सुधारित नियमांनुसार कचरा पिवळ्या, लाल, पांढऱ्या व निळ्या अशा चार रंगांच्या पात्रांत वेगळा करावा लागतो. सुया व धारदार वस्तूंसाठी न भेदले जाणारे पांढरे पात्र असते. २०१५ पासून केंद्र शासनाच्या ‘कायाकल्प’ योजनेखाली स्वच्छता व संक्रामण-नियंत्रण यांत उत्तम ठरणाऱ्या शासकीय रुग्णालयांस पारितोषिके दिली जातात. २०२० मध्ये आरोग्य मंत्रालयाने या विषयावरील राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार श्रीमंत देशांत तीव्र विकारांसाठी दाखल झालेल्या दर १०० रुग्णांपैकी ७ जणांना व अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत १५ जणांना रुग्णालयात असताना निदान एक तरी संक्रामण होते. अशा बाधितांपैकी सरासरीने दर दहांतील एक त्यामुळे मरण पावतो. या दोन आकड्यांतील अंतर ज्ञानाच्या अभावाने पडलेले नाही. स्वच्छ पाण्याचा अखंड पुरवठा, खाटांमधील पुरेसे अंतर, परिचारिकांची पुरेशी संख्या व संक्रामणांची प्रामाणिक नोंद यांवर ते अवलंबून आहे. संक्रामणाचे आकडे उघड केल्यास रुग्णालयाची अपकीर्ती होईल, या भीतीने ती नोंद अनेक ठिकाणी टाळली जाते. मात्र गॉर्डन यांच्या सारणीपासून जिनीव्हातील पाहणीपर्यंत जेथे जेथे मृत्यू कमी झाले, तेथे प्रथम त्यांची मोजदाद झालेली होती.